देवमन मास्तरांची उजवी बाही

बार्शीटाकळीत १९५८ च्या उन्हाळ्यात एक गोष्ट कानोकानी फिरत होती : देवमन मास्तरांच्या उजव्या हातावर अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका नाचणारणीचं नाव गोंदलेलं आहे. पुरावा? ऐन उन्हातही मास्तरांची बाही मनगटापर्यंत बंद. एवढा भक्कम पुरावा कोर्टात तरी कुठे मिळतो? मास्तरांच्या शेजारच्या गंगूबाईंना तर ते नाव किती अक्षरांचं तेही ठाऊक होतं. आता गंगूबाई कधी मास्तरांच्या बाहीत शिरल्या होत्या, हे विचारायचं नाही.

मास्तर नाकारतही नसत. नुसते हसत आणि बाही आणखी खाली ओढत.

पाचवीला ते भूमिती शिकवत. शाळेची एकुलती कंपासपेटी झिजू नये म्हणून हेडमास्तरांच्या कपाटात कुलपात असे. मग कोन शिकवायचे हातानं. मास्तर कोपर दुमडून मूठ खांद्याकडे नेत, "लघुकोन!" पोरांचे हात तसेच. मनगट उभं, "काटकोन!" हात जरा उघडला, "विशालकोन!" आणखी उघडला की "सरळकोन!" आणि तास संपला.

अशात नांदगाव खंडेश्वरच्या पंजाबरावांनी आपली मुलगी शालू मास्तरांना द्यायचं ठरवलं. ती नाचणारीण मात्र सोयरिकीच्या आधीच नांदगावला पोचली. आमचं गाव अशा कामात आळशी नाही. पंजाबराव न कळवता थेट वर्गात येऊन बसले. लग्न ठेवायचं की मोडायचं, ते त्या बाहीखाली होतं.

"मास्तर, लय उकडून राह्यलं. बाही वर करा न."

"राहू द्या मामाजी. सवय हाय मले."

पंजाबराव हेका सोडणारे नव्हते, पण चौथी पास होते. पोरांसमोर सभ्यपणा पाळला. "बरं. लेकरं हो, सरळकोन दाखवा पाहू."

वर्गभर उजवे हात पुढे आले. एकही सरळ नव्हता. सगळे कोपरात सारखेच वाकलेले.

"अबे, सरळ करा न!"

"सरळच हाय जी," पुढची पोरगी म्हणाली. "मास्तरचा एवढाच होते."

मास्तरांनी खडू ठेवला आणि बाही कोपराच्या वर चढवली.

पंजाबरावांनी हात उलटसुलट करून पाहिला. "नाव कुठी हाय?"

"नाही जी."

"मंग लोकायले सांगतलं काहून नाही?"

"वाकड्या हाताच्या मानसाले पोरगी देल्ली असती का तुमी?"

"आन् नाचणारणीच्या नावाले देल्ली असती? येडे हायेत काय जवाईबापू तुमी!"

शालूचं लग्न ठरल्या दिवशीच झालं. गंगूबाई जेवायला आल्या, पण जेवण त्यांना अंगी लागलं नाही.

मास्तरांच्या हातावर कुणाचंही नाव नव्हतं. लहानपणी बैलगाडीतून पडून त्यांचं कोपर मोडलं होतं. हाड बसवणाऱ्यानं ते वाकडं बसवलं, आणि तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही.