उलट्या केसांचा टोप

स्टुडिओत एके काळी अशी कुजबुज होती, की टोपवाल्या मावशीने मोठ्या नायिकेच्या डोक्यावर चढवलेला टोप एका मेलेल्या बाईच्या केसांचा आहे. बाई कोण, यावर मात्र एकमत नव्हतं. मेकअपवाल्यांच्या मते ती नायिकेची जुनी वैरीण. शिंप्यांच्या मते निर्मात्याची पहिली बायको. ती तेव्हा चांगली धडधाकट होती आणि दर आठवड्याला येऊन नवऱ्याच्या खोलीची झडती घ्यायची, पण असल्या बारीकसारीक अडचणी शिंप्यांच्या कधी आड आल्या नाहीत. मावशी हे सगळं तोंडात पिना धरून ऐकायची. तोंडात पिना असलेल्या बाईकडे कोणी खुलासा मागत नाही, धंद्याचा तेवढाच फायदा.

तिची सख्खी भाची तिच्या हाताखाली आली ती एकोणिसाव्या वर्षी, ठरलेलं लग्न मोडल्यावर. मेकअपच्या खोलीमागे एक लांबट खोली, एकच खिडकी, फळीवर लाकडी डोकी ओळीने मांडलेली. पहिल्या दिवशी मावशीने शिकवलं ते एवढंच, की केस कापायच्या आधी मुळाशी दोरा बांधायचा, घट्ट. माशाला असतात तसे केसाला खवले असतात, डोळ्यांना न दिसणारे, सगळे मुळाकडून टोकाकडे वळलेले. मुळं एका बाजूला आणि टोकं एका बाजूला राहिली तर केस पाण्यासारखे वाहतात. दोरा न बांधता कापले आणि मुळं-टोकं एकमेकांत मिसळली, तर खवल्यात खवला अडकतो आणि चार दिवसांत टोपाचं घरटं होतं. एकदा भाचीच्या हातून बोटभर जुडी उलटी गेली. मावशीने अख्खा टोप उसवायला लावला, तीन आठवड्यांचं काम, आणि वर म्हणाली, "रडायचं तर बाजूला सरकून रड. केस ओले करू नकोस."

अशी ती बाई. आणि तिचा सगळ्यांत गाजलेला टोप निम्मा उलटा होता.

भाचीला हे कळलं ते तो टोप दुरुस्तीला आला तेव्हा. केस चिमटीत धरून चोळला, की तो मुळाच्या बाजूला सरकतो. इथे एक केस इकडे सरकला, शेजारचा तिकडे. तिला वाटलं, आपलीच बोटं चुकतायत. मग एका जुन्या मेकअपवाल्याने तिला बसवून घेतलं आणि सगळी हकिकत सांगितली. गप्प राहण्याचा आजार त्याला जन्मात कधी झाला नव्हता.

टोप नवा कोरा असताना दुसऱ्याच दिवशी गुंतला. शूटिंग खोळंबलेलं, नायिका रडकुंडीला आलेली, दिग्दर्शकाचा आवाज रस्त्यापर्यंत. केस खाली विंचरले जाईनात, तेव्हा मावशीने ते वर विंचरले. आत लोकरीची उशी कोंबली, फवारा मारला आणि चांगला वीतभर उंच ढीग रचला. दिग्दर्शकाने भिंगातून पाहिलं. मग म्हणाला, कॅमेरा मागे घ्या, बाईंचं डोकं मावत नाहीये. सिनेमा वर्षभर चालला. दोन महिन्यांत गल्लोगल्ली बायकांच्या डोक्यावर तो डोंगर उगवला. शिक्षिका, नर्सा, टेलिफोनवर बसणाऱ्या मुली, कोणी सुटलं नाही. सिनेमागृहात मागच्या रांगेतल्या पुरुषांना पडदा दिसेना. पुढची दहा वर्षं एकही नायिका त्या डोंगराशिवाय प्रेमात पडली नाही.

दशक संपलं, आणि त्या डोंगरानेच त्याची चुगली केली. त्या काळातला कुठलाही सिनेमा आज लावा, पहिल्या मिनिटाला कळतं कधीचा ते. नायिकेच्या डोळ्यात कुसळ गेल्यासारखा कॅमेरा एकदम धावत जवळ जातो, खलनायकाच्या घरातल्या भिंती नारिंगी असतात, पिस्तूल झाडलं की विहिरीत दगड पडल्यासारखा आवाज येतो, आणि या सगळ्याच्या वर तो अंबाडा. एका रविवारी कॉलेजच्या सभागृहात त्या टोपाचा पहिला सिनेमा लागला होता, म्हणून भाची तिला घेऊन गेली. नायिका नवऱ्याच्या प्रेतावर कोसळते, त्या प्रसंगाला एके काळी थेटरात हुंदक्यांशिवाय काही ऐकू येत नसे. आता ती वाकली, अंबाडा पुढे आला, प्रेताचं तोंड त्याखाली झाकलं गेलं आणि सभागृह हसून लोटपोट झालं. भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी ताठ बसली होती.

"हसू दे गं त्यांना," ती म्हणाली. "तू केस बघ. काय काळे आहेत."

मावशीला तो टोप परत हवा होता. हे स्टुडिओत सगळ्यांना माहीत होतं; का, ते कोणालाच नाही. पहिला सिनेमा संपला तेव्हा तिने मागितला, तर नायिका म्हणाली, माझं नशीब आहे त्यात, आणि तो घालून आणखी सात सिनेमे केले. नायिका उतरणीला लागल्यावर मागितला, तर व्यवस्थापक म्हणाला, ती स्टुडिओची मालमत्ता. बदल्यात तसाच नवा करून देते म्हणाली, तरी नाही. निवृत्त होताना पुन्हा मागितला, तर तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिने खोक्यातून बाहेरही काढलं नाही.

शेवटी स्टुडिओ बंद पडला आणि त्याचा कपडेपट, त्या टोपासकट, टीव्हीवरच्या एका विनोदी कार्यक्रमाने उचलला. काम एकच, जुन्या सिनेमांची टर उडवायची. पुरुष नट नायिका व्हायचे आणि अंबाड्यात हात घालून एकेक वस्तू बाहेर काढायचे, चमचे, मोजे, टेलिफोन. मावशीचा एक डोळा तोवर गेला होता आणि दुसरा जाण्याच्या बेतात होता. लोक हसले, की ती विचारायची, आता काय काढलं? भाची म्हणायची, काही नाही, कंगवा. ज्या दिवशी जिवंत कोंबडी काढली, त्या दिवशीही तिने कंगवाच सांगितला.

मग भाचीने त्या कार्यक्रमाच्या भांडारवाल्याला गाठलं. माणूस भला होता. कार्यक्रम तसाही गुंडाळत होते, त्यामुळे म्हातारीला घेऊन या म्हणाला. दोघी गेल्या. इतक्या वर्षांचा कळकट टोप हातात कसा द्यायचा, म्हणून त्याने तो आदल्या दिवशी गरम पाण्यात, साबण लावून, खसाखसा चोळून धुतला होता.

"मावशी, अगदी स्वच्छ करून ठेवलाय," तो म्हणाला आणि तिच्या ओंजळीत ठेवला.

सुलट्या केसांचा टोप धुतला तर खुलतो. उलट्या केसांना गरम पाणी आणि रगडणं लागलं, की त्यांचा नमदा होतो, घोड्याच्या खोगिराखाली घालतात तसला. मावशीच्या हातात नारळाएवढा कडक गोळा होता. तिने तो फिरवून फिरवून चाचपला. कुठेच सूत लागेना.

"फार कष्ट घेतलेत तुम्ही," ती म्हणाली. भांडारवाल्याला ते कौतुक वाटलं आणि तो त्यांना फाटकापर्यंत सोडायला आला.

त्याच दुपारी ती खिडकीशी बसली. मांडीवर पांढरं कापड, हातात बारीक आकडा. एक केस ओढायचा, तुटला तर तुकडा घ्यायचा, चिमटीत चोळायचा, मूळ डावीकडे करून कापडावर ठेवायचा. दिवसभरात वीस, फार तर पंचवीस. भाचीने सांगून पाहिलं, अगं सोड आता, तुला धड दिसतही नाही. त्यावर ती म्हणाली, यात बघायचं काय असतं? पाच महिने हेच चाललं. तेवढ्यात करंगळीहून बारीक जुडी जमली. मग तिचे हात चालेनासे झाले. गोळा जवळजवळ होता तेवढाच होता.

भाची उशाशी बसली होती. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते तिने तेव्हा विचारलं. "मला एका जुडीसाठी तीन आठवड्यांचं काम उसवायला लावलंस. मग तुझ्या हातून हाच कसा चुकला गं?"

मावशीने सांगितलं. आवाज नेहमीचा, काम समजावून सांगताना असायचा तसाच. त्यानंतर आठवडाभरात ती गेली.

केस मेलेल्या बाईचे नव्हते. मावशीला एक मुलगी होती. भाचीच्या जन्माआधी, बारा वर्षांची असताना, ती इस्पितळात तापाने गेली. न्यायला गाडी दारात उभी होती, तेव्हा मावशीने घाईत, दोरा न बांधता, तिचे केस कापून घेतले. त्याच महिन्यात नायिकेचा टोप द्यायचा होता आणि तेवढे लांब केस कुठे मिळत नव्हते. तिने ते वापरले.