नैवेद्याचं पातं

गोठ्याच्या भिंतीत एक कोनाडा होता आणि त्यात माझा कप असायचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. मी त्या घरी गेले की स्वतःच तो विसळायचे, घरातली सून वरून चहा ओतायची आणि मी गोठ्याच्या दाराशी बसून प्यायचे. बाळंतपणं करणारीचे हात विटाळाचे, मग तिचा कप घरात कसा ठेवायचा? पहिल्या दिवशी माझं डोकं असं फिरलं की चहा तसाच ठेवून निघून आले. पुढच्या खेपेला मात्र मनाशी म्हटलं, कपाशी भांडायला नोकरी धरली आहे का मी? चहा चांगला असायचा, आलं ठेचून घातलेला.

माझी नोकरी गर्भार बायकांच्या घरी जाण्याची होती. वर्ध्याला सुईणीचं शिक्षण घेतलं आणि केळझरच्या आसपासच्या आठ-दहा गावांसाठी मला एकटीला नेमलं. सकाळी पिशवी खांद्याला अडकवून निघायचं, कधी पायी, कधी कापसाच्या बंडीवर. दिवस गेलेल्या बाईच्या पायांवर सूज आहे का पाहायचं, पोट चाचपायचं, तिच्या पोटात दोन घास जास्तीचे जातात का हे सासूला खोदून खोदून विचारायचं. बाळ झालं की त्याची बेंबी पाहायची, त्याचं पिणं पाहायचं. माझे वडील हिंगणघाटच्या गिरणीत होते. लोक त्यांना विचारत, "पोरीले असलं काम काऊन शिकवलं?" वडील उत्तर देत नसत. माझी आई धाकट्या भावाच्या वेळी गेली होती, आणि तिच्यामागोमाग भाऊही. आमच्या घरात याहून जास्त बोलायची गरज नव्हती.

तर ते गोठ्याचं घर. बऱ्यापैकी शेती, दोन बैलजोड्या, विधवा सासू, तिचा एकुलता मुलगा आणि विशीतली सून. सुनेची दोन बाळंतपणं झाली होती आणि मांडीवर एकही मूल नव्हतं. दोन्ही मुलं जन्मली तेव्हा धडधाकट होती. सहा दिवस चांगली प्यायली. सातव्या दिवशी पिणं सोडलं, जबडा आवळला, तोंड उघडेना, मग अंग ताठ झालं आणि सगळं संपलं. "सटवाईनं नेलं," असं सासू म्हणायची. कुणी नेलं ते मला ठाऊक होतं. नाळ कापायला कडब्याचा विळा आणि कापल्यावर बेंबीवर गोवरीची राख, ही त्या गावची रीत. धनुर्वाताचं बी शेणामातीत असतं. ते आपल्याच हातानं बाळाच्या जखमेत पेरलं जात होतं.

आता सुनेला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. ती माझ्याशी फारसं बोलत नसे. मी पोट चाचपत असताना एकदाच तिनं विचारलं, "बाई, हे बी सातव्या दिवशी तोंड मिटीन का?"

"नाई मिटणार," मी म्हटलं.

असं सांगायचा मला काय अधिकार होता? पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द पाळायची मला खोड आहे. वडील त्याला हट्ट म्हणत.

त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या नाळ कापायची ती गावाबाहेरच्या वस्तीतली बाई. माझ्या वेळी ती एक म्हातारी होती. तिनं यायचं, नाळ कापायची, वार पुरायची, आणि ती गेली की तिच्या पावलांवर गोमूत्र शिंपडायचं. त्या वर्षीच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. घरातले देव नदीत सोडले, मेलेली ढोरं ओढणं सोडलं, आणि म्हातारीनं नाळ कापणं सोडलं. ज्यांच्या घरी बाळंतपण जवळ आलं होतं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सासू मला म्हणाली, "तुमचं आयकन थे. जाऊन सांगा तिले. नवं लुगडं देईन म्हना."

मी गेले. माझाही स्वार्थ होता. दहा गावं माझ्या एकटीच्यानं होणार नव्हती, म्हणून म्हातारीलाच नवी पद्धत शिकवावी असा माझा बेत होता. ती दारात तूर निवडत बसली होती. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी शिकवान तं मी शिकीन," ती म्हणाली. "आमच्या वस्तीत कवाबी बोलवा, येईन. पर गावात नाई. पोट्टं मेलं तं माह्या हातानं मेलं, अन् जगलं तं त्याइच्या देवानं जगवलं. लय वर्सं आयकलं हे. त्याइले हात हायेत ना? त्याइनंच कापावं आता."

मी फणकाऱ्यानं उठले. बांधावरून चालता चालता राग उतरला, कारण तिच्या बोलण्यात खोटं काय होतं ते मला सापडेना. त्याइनंच कापावं. बरं, मग तसंच होईल, मी ठरवलं. या घरची नाळ या घरचीच बाई कापेल.

सासूला हे सांगितलं तेव्हा ती दोन पावलं मागं सरली. "मी? नाळ? बाप्पा! आमच्या सात पिढ्यात कोनं कापली नाई."

"अन् नातवंडाचं तोंड बी नाई पाह्यलं तुमी अजून धड," मी म्हटलं. कडवट बोलले, पण मऊ बोलून ती बाई हलणारी नव्हती.

मग दर खेपेला गोठ्यात चहा आणि चहाबरोबर भांडण. तिची एकच पळवाट होती, की वेळेला मी असेनच. "मी दुसऱ्या गावात अडकली तं?" मी विचारायचे. "पोटातलं लेकरू माही वाट पाह्यत थांबन का?" शेवटी एक दिवस तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "दाखवा बाप्पा, काय थे."

परसात भोपळ्याचा वेल होता. त्याच्या देठावर मी तिला शिकवलं. दोन ठिकाणी दोऱ्यानं आवळायचं आणि दोन गाठींच्या मधे कापायचं. पहिल्यांदा तिनं गाठीबाहेर कापलं, दुसऱ्यांदा गाठच कापली. तिचा हात बसेपर्यंत आम्ही दोघींनी मिळून तो वेल पार भुंडा केला. मग उकळण्याचं सांगितलं. दाढीचं नवं पातं, दोरा आणि पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या पातेल्यात घालायच्या आणि पाण्याला खळखळून उकळी आली की दोन भाकरी थापून भाजून होईपर्यंत उकळू द्यायचं. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, भाकरी होती. सगळ्याचं पुडकं बांधून मी तिच्या हाती दिलं.

नववा महिना लागला तेव्हा गेले आणि पुडकं पाहायला मागितलं. सासूनं त्या दिवशी मला आपणहून ओसरीवर चढवलं आणि कौतुकानं आत बोट दाखवलं. देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या बाजूला, माझं पातं मांडलेलं होतं. त्याला हळद-कुंकू, वर अक्षता, झेंडूचं फूल. आणि सगळं ओलं.

"ओलं कशानं हाये?" मी विचारलं.

"गोमूत्र शिंपडलं ना. उकळलं म्या, दोन भाकरी होयेपर्यंत. पर बजारातलं लोखंड, कोनाकोनाचे हात लागले असन. म्हून वरून शिंपडलं. दुप्पट शुद्ध झालं."

ती शाबासकीची वाट पाहत होती. मी ओरडले, "शुद्ध कसलं! मरण शिंपडलं तुमी त्याच्यावर!"

दाराआड सून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पोटावर हात ठेवून तशीच खाली बसली. सासूचा चेहरा दगडाचा झाला. "माह्या देवघरापाशी मरनाचं नाव काढता? चालत्या व्हा. पुन्हा उंबऱ्यावर पाय ठेवजो नका."

मी निघाले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. इतके दिवस घासून घासून आणलेलं भांडं तिनं शेवटच्या क्षणी राखेत पालथं घातलं होतं. तिला स्वच्छ आणि शुद्ध एकच वाटत होतं, आणि मी कितीही घसा फोडला तरी ते वेगळं होणार नव्हतं. सोडून द्यावं असं मात्र वाटलं नाही. ते माझ्या स्वभावातच नाही.

दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती. माझी शेजारीण गणपतीच्या देवळात न्यायला नैवेद्याचं ताट वाढत होती. तिच्या पोरीनं ताटातल्या लाडवाकडे हात नेला तर तिनं फाडकन त्यावर मारलं. "देवाआधी हात लावते व?" मी ते पाहिलं, पिशवी उचलली, आणि तशीच उपाशीपोटी गाव गाठलं.

अंगणातच उभी राहिले. सासू दारात आली.

"मी उंबऱ्यावर पाय ठेवत नाई," मी म्हटलं. "एक इचारते अन् जाते. नैवेद्य चुलीवरून उतरला का देवापुढं जायेपर्यंत त्याच्यावर कोनी काही शिंपडते? कोनी मधे हात लावते?"

"काऊन लावन कोनी?"

"मंग हे पातं नैवेद्य समजा. तुमाले पूजा करायची हाये ना? करा. हळद लावा, फूल वाहा, गोमूत्र शिंपडा, मी एक शब्द बोलनार नाई. पर थे सगळं आधी. मंग धुवा अन् उकळा. उकळल्यावर हळद नाई, राख नाई, शेण नाई. पातेल्यातून सरळ नाळेवर. मधे कोनाचा हात नाई."

तिनं विचारलं, "अन् देव कोन मंग?"

"थो येनारच हाये."

ती हसली नाही. "बोलाले बरं शिकवलं तुमाले वर्ध्याले," एवढंच म्हणाली. मग आत वळली आणि आतूनच ओरडली, "कप हाये तिथंच हाये. चहा घेऊन जाजो." मी नवं पातं उंबऱ्यावर ठेवलं आणि गोठ्याकडे गेले.

आणि व्हायचं तेच झालं. संक्रांतीच्या सुमाराला दुसऱ्या गावी एक पहिलटकरीण अडली होती. तिच्यापाशी होते तेव्हा या घरचा गडी बंडी घेऊन मला न्यायला आला. मला हलता येणार नव्हतं. "तुह्या मालकिनीले सांगजो, नैवेद्य," एवढंच मी त्याला सांगितलं. तो माझ्याकडे खुळ्यासारखा पाहत परत गेला. इकडचं बाळंतपण आटोपून मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती आणि घरभर करपल्याचा वास होता. दोन्ही भाकरी तव्यावर कोळसा झाल्या होत्या. उकळतं पातेलं सोडून तव्याकडे पाहायची सासूची छाती झाली नव्हती.

ती न्हाऊन, ओल्या केसांनी गोठ्याच्या दाराशी बसली होती. कोनाड्यात माझ्या कपाशेजारी दुसरा कप. नाळ कापली म्हणजे आता तिलाही विटाळ. "बसा," ती म्हणाली. "आता आपन एकाच पंगतीच्या."

मी आत जाऊन पाहिलं. मुलगी होती. दोन घट्ट गाठी, त्यावर कोरडी पांढरी पट्टी, बाकी काही नाही. मला इतका आनंद झाला की मी त्या करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला.

पण नाळ नीट कापली म्हणजे पैलतीर गाठलं असं नव्हतं. शेजारणी वाटीत राख घेऊन आल्या. सासू दारात आडवी बसली. "माह्या नैवेद्याले कोनी हात लावाचा नाई." त्या गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. पाचवीला सटवाई पुजली, विळाही ठेवला, पण खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. मी रोज जात होते. पट्टी पाहायचे, जबडा चाचपायचे. सून मुलीला अंगावर घ्यायची तेव्हा तोंड भिंतीकडे वळवायची. लेकीचा चेहरा तिनं अजून नीट पाहिला नव्हता. दोनदा पाहिलेले चेहरे तिला पुरले होते.

सातव्या दिवशी सकाळी मी पोचले तर सासू बाहेर उंबऱ्यावर बसलेली. घरात कसलाही आवाज नव्हता.

"जा तुमी," ती म्हणाली. "माह्यानं आत जाववत नाई."

मी तिच्या बाजूनं आत गेले. खोलीत अंधार होता. बाजेवर सून भिंतीकडे तोंड करून पडली होती, लेक तिच्या पदराखाली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती वळली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि दात ओठात रुतले होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"लय दुखते बाई," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं पदर बाजूला केला आणि मान वाकवून लेकीचं तोंड पाहिलं. "पहाटपासून ओढून राह्यली. सोडतच नाई."