सुलतानची विचारपूस

सकाळचे साडेदहा. तालुक्याचा जनावरांचा दवाखाना. आवारात कडुलिंबाची दोन झाडं, जनावराला अडकवायचा एक लोखंडी खोडा आणि आटलेला बोअर. थोरल्या कडुलिंबाखाली एक पांढरा घोडा उभा. त्याच्यासमोर शहाळं घेऊन सहकारी साखर कारखान्याचे एक संचालक उभे. संचालक घोड्याला विचारत होते, "आता बरं वाटतंय ना?"

बीड जिल्ह्यात बातमीदारी करता करता माझे केस पिकले. लोक विचारतात, एवढे किस्से जमवता कुठून? अहो, जमवावे लागत नाहीत. एक दुष्काळ पडू द्या, वर एक सहकारी कारखाना असू द्या, मग नुसतं चहाच्या टपरीवर बसायचं. ही टपरी नेमकी त्या दवाखान्याच्या फाटकासमोर होती. पुढचं सगळं मी तिथूनच पाहिलं. काही वेळा आत जाऊन पाहिलं, कारण बसल्या जागेवरून विश्वास बसेना!

*

घोडा तिथं आला कसा, ते आधी सांगतो.

आबासाहेब म्हणजे आमच्या कारखान्याचे चेअरमन. त्या वर्षी ऊसच नव्हता, त्यामुळे धुराडं थंड. पण वाढदिवस ठरलेल्या तारखेला आला. "दुष्काळामुळे साधेपणाने साजरा होईल," असं पत्रक निघालं. साधेपणा म्हणजे काय, तर डीजे नव्हता. गुळतुला होती.

तराजूच्या एका पारड्यात आबासाहेब, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. हा गूळ नंतर चारा छावणीतल्या जनावरांना वाटायचा, अशी घोषणा झाली. टाळ्या पडल्या. ढेपा उतरवून स्टेजच्या मागं ठेवल्या. स्टेजच्या मागंच मिरवणुकीसाठी सजवलेला सुलतान बांधला होता.

सुलतान म्हणजे आबासाहेबांचा घोडा. पांढराशुभ्र. भरजरी झूल, गोंडे, कपाळावर आरसे.

पुढं दुष्काळावर भाषणं सुरू झाली. अकरा वक्ते होते. आभारप्रदर्शन होईपर्यंत छावणीच्या गुळाचा बराचसा हिस्सा सुलतानच्या पोटात गेला होता. संध्याकाळी तो जमिनीवर लोळायला लागला.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पत्रक आलं: "दुष्काळी दौऱ्याच्या दगदगीमुळे सुलतानची प्रकृती अस्वस्थ."

मी आबासाहेबांच्या पीएला फोन लावला. "दौऱ्यावर घोडा होता?"

"पत्रकार सायब," पीए म्हणाला, "तुमी लई खोलात जाता."

*

सुलतानला दवाखान्यात आणलं तेव्हा पीए सोबत होता. डॉक्टर तरुण, नवीनच बदलून आलेले. पीएनं त्यांना पहिलंच वाक्य ऐकवलं, "ॲडमिट करा. स्पेशल रूम द्या."

"रूम नाही," डॉक्टर म्हणाले. "झाड आहे."

"मग थोरलं झाड द्या!"

थोरल्या झाडाखाली आधीच एक पेशंट होता. चांदी नावाची एक मळकट पांढरी घोडी. बिरा आणि सखू या धनगर नवराबायकोची. पुढच्या पायाच्या खुरात काटा मोडून पू झाला होता, पाय टेकवत नव्हती.

धनगराची घोडी म्हणजे धनगराचं घर असतं. भांडी, वाकळा, चालता न येणारी कोकरं, सगळं तिच्या पाठीवर. या दोघांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बाकीचे भाऊबंद, गोदावरीच्या अंगाला पुढं निघून गेला होता. दोन मुक्कामांवर थांबून त्यांची वाट बघत होता. पण मेंढरं काही वाट बघत नाहीत. तिथला पाला संपला की वाडा हलणार. तोवर घोडी चालायला लागली तर ठीक. नाही तर ही दोघं आणि त्यांचा संसार इथंच फाटकात.

पीएच्या हुकमावरून चांदीला धाकट्या झाडाखाली हलवलं. लंगडत गेली बिचारी. धाकट्या झाडाला सावली नावापुरती.

दवाखान्यातले ड्रेसर गफूरभाई माझ्याकडं बघून म्हणाले, "घ्या! जनावरात बी आरक्षण आलं."

*

चांदीचा खूर रोज दोनदा औषधाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायचा होता. औषध दवाखान्यात होतं. पाणी नव्हतं. सखू लांबच्या विहिरीवरून घागर आणायची. विहीर गावाची, गाव तहानलेलं. बायका म्हणायच्या, "माणसाला न्हाई अन् घोडीच्या पायाला कावून?" त्यांचंही चुकत नव्हतं. सखू मुकाट्यानं अर्धी घागर घेऊन परतायची. अर्ध्या घागरीत पाय बुडत नाही.

सुलतान आला आणि मागोमाग टँकर आला! अख्खा टँकर, रोज सकाळी. पुढच्या काचेवर कागद चिकटवलेला: "सुलतानसाठी."

गफूरभाईंनी ड्रायव्हरला विचारलं, "काय बे, एका घोड्याला एवढं पाणी? पितो का पवतो?"

"मला काय म्हाईत? वरून आदेश हाय."

"वरून पाऊस पाठवा म्हणावं."

सुलताननं त्यातलं बादलीभर प्यायलं. बाकीचं टाकीत गेलं. चांदीचा पाय पहिल्यांदा घोट्यापर्यंत बुडाला. बाहेर रांगेत उभ्या असलेल्या गाईगुरांनाही मिळालं. हा टँकर कोणत्या गावाच्या वाट्याचा, हे मी पंचायत समितीत विचारलं. त्यांनी कारखान्याकडं बोट दाखवलं. कारखान्यानं पंचायत समितीकडं दाखवलं. मधल्या रस्त्यावर टँकर चालूच राहिला.

*

मग विचारपूस सुरू झाली.

कुणीतरी बातमी सोडली की आबासाहेब बंगल्यावर रोज संध्याकाळी विचारतात, "आज कोण कोण भेटून गेलं?" झालं! सगळे संचालक दवाखान्यात. पुढच्या निवडणुकीत पॅनेलमध्ये नाव हवं असलेले सगळे दवाखान्यात. सफरचंदं, शहाळी, ग्लुकोजचे पुडे. एकानं थर्मासमधून पेज आणली. एकानं देवीचा अंगारा आणून सुलतानच्या कपाळाला लावला, सुलतान शिंकला, अंगारा उलट त्याच्याच शर्टावर.

अंबाजोगाईहून एका कॉलेजचे प्राचार्य सपत्नीक आले. घोड्यासमोर हात मागं बांधून पाच मिनिटं उभे राहिले. मग डॉक्टरांना हळू आवाजात विचारलं, "शुद्धीवर आहेत ना?"

घोड्याला 'आहेत' म्हणाले! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

फाटकाबाहेर उमापूरच्या बाजूचा एक शेतकरी बैल घेऊन रांगेत होता. बैलाच्या फासळ्या दिसत होत्या. ही सगळी वर्दळ बघून तो डॉक्टरांना म्हणाला, "सायब, जरा वेळ ह्याला बी त्या झाडाखाली बांधा. कुणी इचारलं तर सांगा, आबासायबाच्या घोड्याचा पाव्हणा हाय."

*

एका सोमवारी डॉक्टरांनी मला टपरीवरून आत बोलावलं. चेहरा उतरलेला.

"सर, सुलतान नाही."

"गेला?"

"तसा नाही गेला. तब्येत चांगली होती. काल माझी सुट्टी होती. जीप आली, मागं ट्रॉली. साहेबांची माणसं आहोत, पुढच्या इलाजाला नेतो, म्हणाले. गफूरभाईंनी सोडला."

"मी कोण अडवणार?" गफूरभाई म्हणाले. "जीपवर कारखान्याचं नाव होतं."

डॉक्टरांनी माझ्यासमोर बंगल्यावर फोन लावला. पीएनं उचलला. डॉक्टर म्हणाले, "तो सुलतानचा विषय होता..." पुढचं वाक्य तोंडात असतानाच पीए म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. घोड्याकडं नीट बघा, काही कमीजास्त झालं तर तुमची बदली कुठं होईल ते मी सांगत न्हाई." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात फाटकातून टँकर आत आला. काचेवर "सुलतानसाठी."

डॉक्टरांनी टँकरकडं पाहिलं. चांदीच्या पायाकडं पाहिलं. जखम आता कुठं भरायला लागली होती. बाहेर गुरांची रांग. डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला. मी वही मिटली. गफूरभाईंनी टाकीत पाइप सोडला, आणि थोरलं झाड रिकामं दिसत होतं म्हणून चांदीला परत तिच्या जुन्या सावलीत नेऊन बांधलं.

एवढंच. यात कुणीही कुणाला काही खोटं सांगितलं नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

*

अर्ध्या तासात पहिले पाहुणे आले. सरळ थोरल्या झाडाखाली गेले. शहाळं पुढं केलं.

आता या मंडळींनी सुलतान पाहिला कुठं होता? मिरवणुकीत. झूल, गोंडे आणि आरसे यांच्या आतलं जनावर कुणी पाहिलंच नव्हतं. आणि जे अंगारा घेऊन येऊन गेले होते, त्यांचं लक्ष घोड्याकडं कमी आणि आपलं नाव कोण टिपून घेतंय याकडं जास्त.

"लई उतरला हो!" एक म्हणाला.

"उंचीनं बी कमी झाल्यावानी दिसतो," दुसरा म्हणाला.

"आजारच तसा हाय."

सखू झाडाच्या बुंध्याला टेकून चांदीच्या पायाला फडकं गुंडाळत बसली होती. पहिल्यानं तिला दरडावलं, "बाई, नीट बघा. साधंसुधं जनावर न्हाई हे!"

"बघते की," सखू म्हणाली. "माझीच हाय."

पाहुण्याचे डोळे भरून आले. सोबतच्यांकडं वळून म्हणाला, "बघा! नोकर असावा तर असा!"

बिरा लांबून बघत होता. चांदी सफरचंद खात होती. जन्मात पहिलं. बिरा मला म्हणाला, "भाऊ, आता हिला पाला कसा गोड लागायचा?"

आणखी दोन दिवसांनी एका पेपरात फोटो आला. चांदी, तिच्या गळ्यात हात टाकलेले दोन संचालक, खाली ओळ: "सुलतान धोक्याबाहेर." माझा पेपर नव्हता. आमच्याकडं तो फोटो पान भरल्यामुळे राहिला.

*

आता शेवटचा दिवस.

चांदी चारही पाय टेकून चालायला लागली. वाड्याकडून निरोप आला होता, पाला संपला, उद्या हलतोय. बिरानं भांडी बांधली, सखूनं वाकळा घोडीच्या पाठीवर टाकायला घेतल्या. डॉक्टर म्हणाले, दुपारी आबासाहेब घोडा न्यायला येणार आहेत, त्याच्या आत निघा.

सकाळचे साडेदहाच वाजले होते. फाटकातून तीन गाड्या आत आल्या. मधल्या गाडीतून आबासाहेब उतरले.

मागं पीए, संचालक, दोन कॅमेरेवाले. गाड्यांच्या मागं सजवलेली ट्रॉली, तिच्यात गवत अंथरलेलं. आबासाहेब सरळ चांदीपाशी गेले आणि तिच्या मानेवर हात ठेवला. सफरचंदांच्या सवयीनं चांदीनं त्यांच्या खिशाला नाक लावलं.

"ओळखलं!" आबासाहेब गहिवरले. "बघा, मुकं जनावर! ओळखलं मला!"

कॅमेरे चमकले. आबासाहेब म्हणाले, "चला, घरी न्या आता."

दोघांनी चांदीचा दोर धरला. सखूनं हातातल्या वाकळा टाकल्या आणि दोराला दुसऱ्या बाजूनं मिठी मारली.

"सायब, ही माझी घोडी हाय."

"बाई, बाजूला व्हा," पीए.

"न्हाई व्हनार! आमचा वाडा हलायलाय उद्या. हिच्याबिगर आमी जायाचं कसं? तुमचा घोडा न्हाई हा. घोडी हाय! खाली वाकून बघा की!"

कॅमेरे चालू होते. आबासाहेबांनी पीएकडं पाहिलं. पीएनं संचालकांकडं पाहिलं. संचालकांनी आभाळाकडं पाहिलं. कॅमेऱ्यासमोर घोड्याखाली वाकायला त्या गर्दीतला एकही तयार होईना! सगळ्यांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर स्टेथोस्कोप पुसत होते.

"मी वाकू का?" गफूरभाईंनी विचारलं. "माझा तर धंदाच हाय तो."

"थांबा!" आबासाहेब म्हणाले.

त्यांनी दोन माणसांच्या हातातला दोर सोडवला. आवाज चढवला. "या मायमाऊलीनं रात्रंदिवस सेवा केली. दुष्काळात धनगर समाजाच्या पाठीशी कोण उभं राहणार? आपण! म्हणून हे जनावर मी आज, या ठिकाणी, या ताईला दान करतो!"

टाळ्या! काय टाळ्या! संचालकांनी हार आणला होताच, तो चांदीच्या गळ्यात पडला. आबासाहेबांनी चांदीचा दोर समारंभपूर्वक सखूच्या हातात दिला. तो तिच्या हातातच होता.

"आभार मान, बाई," पीए कुजबुजला.

सखूनं एकदा घोडीकडं, एकदा आबासाहेबांकडं पाहिलं. "देवा," ती म्हणाली, "तुमचं असंच चालू राव्हो." मग बिराला म्हणाली, "उचला वाकळा. पुन्हा मन बदलायच्या आत निघा."

ती दोघं हारासकट घोडी घेऊन निघाली, मागं वळूनसुद्धा न बघता.

गाडीत बसणाऱ्या आबासाहेबांना मी खिडकीतून विचारलं, "आबासाहेब, घोडी दान दिली, छान झालं. सुलतान कुठं आहे?"

त्यांनी पीएकडं पाहिलं. पीएनं काच वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. काचेवर कागद तोच. थोरल्या झाडाखाली कुणी नव्हतं. गफूरभाईंनी फाटक उघडलं आणि रांगेतली गुरं आत घेतली, सगळ्यात पुढं उमापूरकडचा तो बैल.

तेव्हापासून आबासाहेब मिरवणुकीत उघड्या जीपमध्ये उभे असतात. सुलतान कुठं आहे, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.