तोफेचा खालचा सूर

इस्त्रीच्या मेजावर चार काळे शर्ट होते. एक झाला होता, दुसऱ्याची एक बाही झाली होती. प्रत्येकाच्या छातीवर पांढऱ्या विजेच्या आकारात ‘गर्जना’ असं छापलेलं. ते छापकाम इस्त्रीला चिकटतं, म्हणून तोफ हे काम बायकोवरही सोपवत नसे. शर्ट उलटा करायचा, वर जुना रुमाल अंथरायचा आणि इस्त्री नुसती टेकवायची. मखमलीला असंच वागवावं लागतं, हे त्याचं ठाम मत, आणि मखमलीच्या बाबतीत त्याचं ऐकावं लागे. सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देण्यात त्याची हयात गेली होती.

दुसऱ्या बाहीला हात घालतो न घालतो तोच मेहुणा दारात उभा. मेहुणा म्हणजे बँडची गिटार.

“दाजी, एक अडचण झालीय.”

“शर्ट घट्ट होत असेल तर पोट आत घे.”

“तसं नाही हो. चर्चच्या नव्या पाळकीणबाई आज तालमीला येतो म्हणतात. कीबोर्ड घेऊन.”

“मग अडचण कसली? चर्चच्या वर्धापनदिनाला कीबोर्ड म्हणजे सोन्याहून पिवळं.”

“आपल्यात कधी कीबोर्ड नव्हता.”

“तुझ्या गिटारीलाही एकेकाळी चर्चमध्ये कुणी बसायला सांगत नव्हतं. येऊ दे त्यांना.”

मेहुण्याने स्वयंपाकघराच्या दारातल्या बहिणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि हातातली भाजी पुन्हा एकदा निवडली. तोफेच्या हे काही ध्यानात आलं नाही. त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, शर्ट तसेच टाकले आणि दुकानाची किल्ली उचलली.

‘तोफ’ हे टोपणनाव त्याला विशीत पडलं होतं. चर्चच्या गायकगटात तो मागच्या रांगेत उभा राही, आणि त्याने तोंड उघडलं की पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून बघत. तेव्हाचे पाळक म्हणाले, “अरे, ही तोफ बाहेर नेऊन ठेवा, नाहीतर गिलावा पडेल.” त्याने ते मनावर घेतलं. मेहुणा, पहाटे पाव भाजणारा बेकरीवाला आणि शाळेत कवायत शिकवणारे मास्तर यांना गोळा करून त्याने बँडच काढला. बेकरीवाल्याकडे ड्रम, मास्तरांकडे बेस. सुरुवातीला मंडळीतले वडीलधारे म्हणाले, देवाला ऐकू येतं, एवढं ओरडायला तो काही दूर नाही. पण तोफेने लिहिलेल्या पहाटेच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात तो वरचा सूर लागला, की त्याच वडीलधाऱ्यांच्या अंगावर काटा येई. हळूहळू ‘गर्जना’शिवाय वर्धापनदिन होईनासा झाला.

तालीम दुकानाच्या मागच्या खोलीत चाले. तिथे छतापर्यंत फोम रचलेला, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे आणि शेजारी भांडायला येत नसत. पाळकीणबाईंनी एका उघड्या सोफ्यापुढे कीबोर्ड मांडला.

“पहाटेचं गाणं मूळ पट्टीतच ना?” त्यांनी विचारलं.

“मूळच. आम्ही पट्टी कधी बदलत नाही,” तोफ म्हणाला.

सगळ्यांनी एकदम सुरू केलं आणि एकदम थांबवलं. दोन शेजाऱ्यांनी एकाच जिन्यात दोन वेगवेगळी भांडणं काढावीत, तसा तो प्रकार होता.

“वायर सैल असेल,” मेहुणा म्हणाला.

“हवा दमट आहे,” मास्तर म्हणाले.

पाळकीणबाईंनी निरागसपणे दोन-चार सूर दाबून पाहिले. “नाही हो, कीबोर्ड बरोबर आहे. तुमची गिटार उतरलीय आणि बेसही. गंमत म्हणजे दोन्ही अगदी सारखी उतरलीत. आपोआप उतरली असती तर कमीजास्त झाली असती.”

तोफेने आयुष्यात कधी वाद्य हातात धरलं नव्हतं. माईक धरायचा आणि मागून येईल त्यावर स्वार व्हायचं, एवढंच त्याचं काम. तारा लावायचं काम मेहुण्याचं, आणि त्या वेळी त्याला कुणी जवळ आलेलं खपत नसे.

“कधीपासून?” तोफेने विचारलं.

“ताई काही बोलली नाही?” मेहुणा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. मग सांगितलं, “तुमचा घसा धरला होता ना, त्या वर्षी थोडी उतरवली, तुम्हाला फार वर चढावं लागू नये म्हणून. परत वर न्यायची राहून गेली. पुढच्या वर्षी आणखी थोडी. मग मुरतच गेलं.”

“माझ्यावर आळ नको,” बेकरीवाला म्हणाला. “ड्रम तसा उतरवता येत नाही. आला असता तर मीही उतरवला असता.”

“जाताना शटर ओढून घ्या,” एवढंच म्हणून तोफ आपल्याच दुकानातून निघून गेला.

घरी बायको वाट बघतच होती.

“तुलाही ठाऊक होतं.”

“होतं.”

“सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलंत.”

“वेड्यात काढायचं असतं तर तुम्हाला वर चढू दिलं असतं आणि आवाज फाटताना बघत बसलो असतो.”

त्याने चप्पल कोपऱ्यात सरकवली. “वर्धापनदिनाला मी उभा राहत नाही. तुझ्या भावाला गाऊ दे.”

“तो? तो गायला लागला की कबुतरं इमारत सोडतात.” ती त्याच्या समोर बसली. “अहो, दुकानात दाभण चालवताना तुम्ही जे गुणगुणता, ते कुठल्या पट्टीत असतं?”

“ते काय गाणं आहे?”

“मी डबा घेऊन येते आणि ते ऐकत दाराबाहेर उभी राहते. जेवण गार होतं तुमचं. तुम्हाला वाटतं मी उशिरा येते.”

त्या दिवशीच्या प्रार्थनेत आमेन त्याने म्हटलं, पण कोरडं.

दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाची आरामखुर्ची उसवायला घेतली. हिरव्या कापडाखाली तपकिरी निघालं, तपकिरीखाली फुलाफुलांचं. कुण्या कारागिराने जुनं न काढता त्यावर नवं चढवलं होतं, आणि त्याच्यानंतरच्याने त्यावर आणखी एक. अशांना तोफ कारागीर म्हणत नसे. तो खिळे उपटत राहिला, आणि उपटता उपटता घशातून आपसूक काहीतरी निघायला लागलं. या वेळी त्याने कान दिला. आवाज जाड होता, गळ्यातून नव्हे, बरगड्यांच्या मागून येत होता आणि त्याला कुठे जायची घाई नव्हती. त्याने पक्कड ठेवली आणि पहाटेच्या गाण्याचं शेवटचं कडवं तिथेच, त्या खालच्या जागेवर म्हणून पाहिलं. वरच्या सुरासाठी तो आजवर शब्दांवरून धावत सुटायचा. आज प्रत्येक शब्दापाशी थांबायला सवड होती.

“प्रभू,” तो खुर्चीच्या उघड्या सांगाड्याकडे बघत म्हणाला, “हा आवाज तू दिलेला आहे, आणि मी मात्र गेलेला शोधत बसलोय.”

मग त्याने मेहुण्याला फोन लावला. “तारा वर घ्या.”

“वर? दाजी, रागाच्या भरात...”

“जिथे असायला हव्यात तिथे. आणि पाळकीणबाईंना बोलाव. मी गाऊन दाखवतो, त्याला कुठली पट्टी म्हणतात ते त्या सांगतील.”

संध्याकाळी मास्तरांनी हरकत घेतली. “आपला रॉक बँड आहे. लोकांना झटका बसला पाहिजे. ‘गर्जना’ हळू बोलायला लागली तर लोक काय म्हणतील?”

“नाव ‘कुजबुज’ ठेवू,” बेकरीवाला म्हणाला.

“आणि शर्टांचं काय?”

“अस्तराला वापरीन,” तोफ म्हणाला.

पाळकीणबाई हसू दाबत म्हणाल्या, “चेष्टा राहू दे, पण कार्यक्रमपत्रिकेवर मला खरंच नाव छापायचंय.”

तोफेने फार विचार केला नाही. “‘सोबत’ छापा. मला न सांगता हे सगळे माझ्याबरोबर एकेक पायरी खाली उतरले. त्याला दुसरं काय म्हणणार?”

मेहुणा गिटारीच्या खुंट्यांत डोकं घालून बसला, तारा लागलेल्या असूनही. मास्तर म्हणाले, “मला पटलेलं नाही. पण वाजवीन.”

एक नवीच अडचण निघाली. आवाज खाली आल्यावर ड्रमच्या काठ्या त्याच्यावरून गाडीसारख्या जायला लागल्या. तोफेने काठ्यांच्या टोकांना फोम गुंडाळून वर कापड शिवून दिलं. “माझ्या हातात लाटणी दिलीस,” असं बेकरीवाला कुरकुरला, पण ताल नीट धरला.

वर्धापनदिनाला पुढच्या बाकावरच्या वृद्धांनी सवयीने कानात कापूस घातला होता. तोफ माईकजवळ आला, डोळे मिटले आणि खालून सुरुवात केली. लोक गर्जनेची वाट बघत राहिले. ती आली नाही. मागे उभ्या तरुणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि त्यातले दोघे बाहेर गेले. तोफेने ते पाहिलं, पण त्याचा सूर हलला नाही. पुढच्या बाकावर एकाने कापूस काढला.

दुसऱ्या कडव्याला मधल्या बाकांवरून पुरुषांचे आवाज येऊ लागले. गाणं सगळ्यांना वर्षानुवर्षं पाठ होतं. फक्त तोफेच्या उंचीवर चढायची कुणाची छाती झाली नव्हती. मग बायकांनी वरून त्यात आपला सूर मिसळला. तोफ माईकपासून एक पाऊल मागे सरला. आजवर त्याच्या कानात फक्त तो स्वतः असायचा. आज त्याला मंडळी ऐकू आली. शेवटच्या कडव्यात बेकरीवाल्याच्या काठीचा फोम उडाला आणि एक टोला फटाक्यासारखा वाजला. कुणीतरी हसलं, तोफही गाता गाता हसला, आणि गाणं पुढे गेलं.

बाहेर अंगणात एका वृद्धाने त्याला अडवलं. “आज शब्द ऐकू आले. चांगले आहेत. कुणाचे?”

“माझेच.”

“मग इतकी वर्षं लपवलेस कशाला?”

बाहेर गेलेल्या तरुणांपैकी एक तिथेच घुटमळत होता. “काका, आम्हाला आधीचंच आवडायचं.”

“मलाही,” तोफ म्हणाला. “पण पुढच्या रविवारी ये. शेवटपर्यंत थांबलास तर बोलू.”

बेकरीवाला उसवलेली काठी घेऊन आला. “शिवणारा म्हणून मिरवतोस आणि टाके हे असे? असं जमायचं नाही, तोफे. ड्रम हळू वाजवायला तारांचे ब्रश मिळतात, ते आणून दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, तोफेला वाद्यांच्या दुकानात ब्रश आणायला जायचं होतं.