फक्कीने आखलेला स्टँड

"तायडे, लोएस्ट कोण आहे?" जोगळेकर साहेबांनी विचारलं.

"मुंबईवाले, साहेब."

"मग अडचण काय आहे?"

अडचण मला नीट सांगता येत नव्हती. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात टेबलावर तीन कंपन्यांची ड्रॉइंग्ज पसरली होती. काम एकच होतं, अकोल्याचा नवा मोटार स्टँड. पण तीन ड्रॉइंग्ज म्हणजे तीन निराळेच स्टँड होते.

वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. एरवी सरकारी बांधकामाचा नकाशा खातं स्वतः काढतं. कंत्राटदार फक्त दर भरतो. नकाशा सगळ्यांना सारखाच, त्यामुळे ज्याचा दर सर्वांत कमी तो 'लोएस्ट', आणि काम त्याला. या वेळी तसं नव्हतं. महाराष्ट्र होऊन फार दिवस झाले नव्हते, खात्याकडे नकाशे काढणारी माणसं कमी आणि कामं फार. म्हणून वरून परवानगी आली की डिझाइनही कंत्राटदाराचं आणि बांधकामही त्याचंच. आम्ही फक्त गरज सांगायची. इतक्या मोटारी, उतारूंच्या डोक्यावर छप्पर, तिकिटांच्या खिडक्या, ड्रायव्हर लोकांना विश्रांतीची खोली. तीन शिंप्यांना नुसतं माणसाचं माप द्यावं आणि 'कपडे शिवा' म्हणावं, त्यातला प्रकार. एक कोट आणतो, एक बंडी आणतो. मग स्वस्त काय, हे कसं ठरवायचं?

जोगळेकर साहेब गेले त्याला आता दीड महिना होईल. शोकसभेत लोक त्यांच्या पुलांबद्दल बोलले, वक्तशीरपणाबद्दल बोलले. अकोल्याच्या स्टँडचं नाव कोणी घेतलं नाही. मला सभेत बोलता येत नाही. आणि लिहायला बसलो की एकेका पानाला दोन दोन दिवस लागतात. तरी हे लिहून ठेवावंसं वाटलं.

साहेब पुण्याकडचे. आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर. दोनेक वर्षांत त्यांची बढती ठरायची होती आणि निवृत्ती जवळ आली होती, म्हणजे ती शेवटचीच संधी. लोएस्ट सोडून दुसऱ्याला काम दिलं की ऑडिट हमखास आक्षेप काढतं, आणि आक्षेप उघडा असला की बढतीची फाईल पुढे सरकत नाही. हे मलाही माहीत होतं, त्यांनाही. आमच्या हेडक्लार्कला तर आमच्या आधी माहीत होतं.

तिघांपैकी नागपूरचं टेंडर लवकर बाद झालं. त्यांनी दराखाली स्वतःच्या अटी घातल्या होत्या. सिमेंट वेळेवर मिळालं तर, लोखंड महागलं नाही तर. अशा टेंडरला 'कंडिशनल' म्हणतात आणि ते बाजूला ठेवावं लागतं. उरले दोन.

मुंबईवाल्यांचा स्टँड सुंदर होता. सिमेंट काँक्रीटचं लांबलचक छप्पर, त्याखाली सरळ ओटा, आणि ओट्याच्या कडेने मोटारी एकामागे एक उभ्या. मोटार एका फाटकातून आत यायची, ओट्याला लागून पुढे जायची, आपल्या जागी थांबायची, आणि दुसऱ्या फाटकातून बाहेर. मागे घेणं नाही, वळवणं नाही.

दुसरं टेंडर अकोल्याच्याच इंगोल्यांचं. त्यांनी आयुष्यभर कापसाच्या जिनिंगच्या शेड बांधल्या होत्या, आणि स्टँडही तसाच काढला होता. छपराला लोखंडी कैच्या, वर पत्रा. मोटारी ओट्याकडे तोंड करून शेजारी शेजारी उभ्या राहणार, आणि निघताना मागे घेऊन वळणार. दर जास्त. जागा जास्त. आणि अकोल्याच्या वैशाखात पत्र्याखाली बसायचं म्हणजे काय, हे अकोलेकरांना सांगायला नको.

मी कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. म्हणजे दोन्ही प्रस्तावांची एका कागदावर तुलना. मजबुती, मुदत, देखभाल, सोय. जवळजवळ प्रत्येक रकान्यात मुंबई पुढे होती. अडलं ते एका ठिकाणी. त्यांच्या फाटकापाशी मोटारीला वळायला ठेवलेली जागा मला कमी वाटत होती. तेवढ्यासाठी आम्ही अकोल्याला गेलो.

तिथले डेपो मॅनेजर गावंडे. आडवा बांधा, मोठा आवाज. त्यांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"साहेब, कागदावर मोटार कशीबी वळते," ते म्हणाले. "माह्या रशीदले वळवून पाहू द्या. मैदान त रिकामंच हाये."

नव्या स्टँडची जागा जुन्या स्टँडला लागूनच होती. मोकळं मैदान. गावंडे म्हणाले, कबड्डीचं मैदान आखतात तसा चुन्याच्या फक्कीने अख्खा स्टँड जमिनीवर आखू, खऱ्या मापाचा. खांबांच्या जागी डांबराचे रिकामे पिंप ठेवू. मग मोटार आत घालून पाहू. साहेबांना ही कल्पना एकदम आवडली. दोन्ही कंत्राटदारांना बोलावणं गेलं. कोणाची तक्रार नको म्हणून दोन्ही नकाशे शेजारी शेजारी आखायचे ठरले.

ठरल्या दिवशी सकाळी फक्की पडली. मुंबईहून त्यांचे इंजिनिअर आले होते, तरुण, डोळ्यांवर काळा चष्मा. इंगोले धोतरावर कोट घालून आले. गावंड्यांचा ड्रायव्हर रशीदभाई गाडी घेऊन आला. तो नुकताच एक फेरी करून आला होता. गाडीवरची पाटी काढायची कोणाच्या लक्षात राहिली नाही. पाटीवर लिहिलं होतं, मूर्तिजापूर.

आता इथे वऱ्हाडातली एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे मोटार थांबल्यावर जागा धरत नाहीत. मोटार दिसली की धावायचं, चालत्या मोटारीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, नाहीतर खांद्यावरचा दुपट्टा, टोपी, पिशवी, हाताला येईल ते. ज्याचा रुमाल त्याची जागा. मग तो माणूस सावकाश दारातून चढला तरी चालतं. रुमाल उचलून कोणी बसत नाही. एरवी शब्दाशब्दाला भांडणारे लोक, पण हा कायदा सगळे पाळतात. अंजनगावचा बाजार आटोपला की माझे वडील मलाच उचलून खिडकीतून आत टाकायचे. म्हणजे रुमाल मीच. आणि तरीही स्टँडच्या गरजा लिहून काढताना मी हे लिहिलं नाही, गावंड्यांनीही सुचवलं नाही. श्वास घ्यायला हवा लागेल, असं कोणी टेंडरमध्ये लिहितं का?

रशीदभाईने मुंबईच्या फाटकातून गाडी आत घातली. झकास वळली. माझी शंका फोल ठरली. साहेबांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. तेवढ्यात जुन्या स्टँडवरून ओरडा झाला.

"मूर्तिजापूर आली रे! जादा लागली!"

आणि लोक धावले. बाया, माणसं, गाठोडी, कोंबड्या. गावंडे हात पसरून आडवे झाले. "अरे, ही मोटार कुठी जात नाही! आमी नुसती पाहून राहिलो!" कोणी ऐकलं नाही. फक्कीच्या ओट्याच्या कडेने मोटार चालली होती आणि तिला लागून माणसांची रांगच्या रांग धावत होती. एक हात खिडकीच्या गजाला, दुसऱ्या हातात दुपट्टा. सगळ्यांचे डोळे वर, खिडकीत. समोर पाहणारा एकही नाही.

पांढरं मुंडासं बांधलेला एक म्हातारा पिंपावर आदळला. पिंप म्हणजे काँक्रीटचा खांब. पिंप बाजूला घरंगळलं आणि म्हातारा दुसऱ्या बाजूला पडला, मागच्या चाकाकडे. रशीदभाईने कचकन ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा चाक आणि म्हाताऱ्याचा पाय यांत वीतभरच अंतर होतं.

साहेब सर्वांत आधी पोचले. त्यांनी त्याला बसतं केलं. "आजोबा, लागलं का?"

म्हाताऱ्याने गुडघा झटकला. "लागलं त लागलं, बापा. माहा दुपट्टा अंदर पडला का, थे पाहा पयले."

दुपट्टा आत पडला होता. तो चढून आपल्या जागेवर जाऊन बसला.

साहेबांनी चाकापाशी वाकून ते अंतर पाहिलं. मग म्हणाले, "आता दुसरा नकाशा."

"साहेब, लोकांना उतरवून घेऊ?" मी विचारलं.

"नको. लोक असू देत. लोकांशिवाय काय कळणार?"

रशीदभाईने गाडी बाहेर काढली आणि इंगोल्यांच्या फक्कीत घातली. आत जागा उरली होती, त्यामुळे बाहेर राहिलेले पुन्हा धावले. पण या वेळी मोटार त्यांच्या अंगावर तोंड करून येत होती. चालत्या मोटारीच्या तोंडासमोर कोण धावणार? लोक फक्कीच्या ओट्यावर चुळबुळत थांबले. गाडीचं नाक रेषेला लागलं, इंजिनचा आवाज उतरला, आणि मग दोन्ही बाजूंनी गर्दी घुसली. रुमाल तेवढेच पडले, शिव्याही तेवढ्याच. पण चाक थांबलेलं होतं.

मागे घेताना मात्र रशीदभाई वैतागला. "साब, पीछे कंडक्टर सीटी लेके खडा होना मंगता. हर टाइम. नही तो मेरेकू क्या दिखता?"

साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं. इंगोल्यांच्या विरुद्ध जाणारी बाब म्हणून.

मुंबईचे इंजिनिअर चष्मा काढून पुसत होते. "हा डिझाइनचा दोष नाही," ते म्हणाले. "लोकांना रांगेची सवय लावायला हवी."

"लावा ना तुमी," गावंडे म्हणाले. "राहा अठी चार महिने. माह्या घरी जेवा, आन् लावा रांग."

"मग आम्ही ओट्याला कठडा देतो. त्याच दरात."

इथे साहेबांनी हात वर केला. टेंडर उघडल्यावर एकाला डिझाइन बदलू दिलं, तर दुसऱ्यालाही दर बदलू द्यावा लागतो. नाहीतर तो अन्याय. आणि दोघांना बदलू दिलं तर पुन्हा पहिल्यापासून टेंडर, म्हणजे मंजूर निधी परत, आणि जुन्या स्टँडवरची ही गर्दी आणखी दोन वर्षं तशीच. जे दिलंय त्यातूनच निवडायचं होतं.

तेवढ्यात मोटारीतून एक बाई ओरडली, "मंग सोडून राह्यले का नाही? केव्हाचं फिरवून राह्यले अठल्या अठी!"

"बाई, उतरा आता. ही गाडी जात नाही," मी म्हणालो.

"काहून उतरू? पाटी मूर्तिजापूरची, रुमाल माहा. तुमी उतरवणारे कोण?"

गावंड्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब पहिल्यांदाच हसले. शेवटी कंडक्टर बोलावून तिकिटं फाडली आणि गाडी मूर्तिजापूरला जादा म्हणून रवाना झाली. म्हातारा खिडकीत बसला होता. आमच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी विश्रामगृहाच्या व्हरांड्यात चहा घेताना मी म्हणालो, "साहेब, स्टेटमेंटमध्ये मुंबईच पुढे आहे. तुम्ही मुंबईची शिफारस केली तर कोणी काही म्हणणार नाही."

"हो. कोणी काही म्हणणार नाही."

"आणि तुमची बढती..."

"मला माहीत आहे, तायडे."

गावंडे बशीत चहा ओतत होते. ते खालच्या आवाजात बोलताना मी त्या दिवशीच पाहिले. "साहेब, तुमी पुण्याले जासान. मी अठीच राहीन. पंचनाम्याले मलेच बलावतात."

साहेबांनी कप खाली ठेवला. "रांग लागेल तेव्हा लागेल," ते म्हणाले. "आपल्याला ओटा आज धावणाऱ्या माणसांसाठी बांधायचाय. तायडे, स्टेटमेंटला एक रकाना वाढवा. मोटार चालू असताना उतारू चाकाजवळ येतात का. दोन्हीपुढे आज जे दिसलं ते लिहा. शिफारस मी माझ्या हाताने लिहितो, तुमची सही नको."

मी सही केली. त्यांनी ती खोडली नाही.

काम इंगोल्यांना मिळालं. स्टँड मुदतीपेक्षा थोडा उशिरा झाला. पहिल्याच उन्हाळ्यात लोक पत्र्याखाली भाजून निघाले. स्थानिक पत्रात 'हा स्टँड की भट्टी?' असं छापून आलं. इंगोल्यांना बरंच ऐकून घ्यावं लागलं, साहेबांना त्याहून जास्त.

ऑडिट आलं. आक्षेप तीन निघाले. पहिला, चाचणीसाठी गाडी आणि डिझेल कोणाच्या मंजुरीने वापरलं? तो त्याच दिवशी मिटला, कारण त्या गाडीत तिकीट काढलेले उतारू होते. दुसरा, टेंडरमध्ये नसलेला निकष नंतर का लावला? तिसरा, लोएस्ट सोडल्यामुळे खात्याचा नेमका काय फायदा झाला, तो दाखवावा. साहेबांनी उत्तर लिहिलं की नव्या स्टँडवर धावताना कोणी चाकाखाली आलेलं नाही. ऑडिटने कळवलं की मुंबईचा स्टँड बांधलाच नसल्यामुळे तिथे कोणी आलं असतं, असंही सिद्ध होत नाही.

हे खरंच होतं. आक्षेप उघडा राहिला, बढती दुसऱ्यांना गेली आणि साहेब आहे त्याच जागेवरून निवृत्त झाले. त्यानंतर आमची भेट झाली की ते फक्त विचारत, अकोल्याला कंडक्टर अजून शिटी वाजवतात का. मी म्हणे, वाजवतात.

पुढे माझ्या हाताखाली नवे इंजिनिअर आले. टेंडरची तुलना कशी करावी, असं ते विचारत. मी त्यांना दोन गोष्टी सांगत असे. नकाशा जमिनीवर आखून पाहा, आणि त्या दिवशी लोकांना हाकलू नका. हे ते लिहून घेत. तिसरी गोष्ट मी अगदी शेवटी सांगायचो. लोएस्ट घेणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. दुसऱ्याला काम द्यायचं असेल तर कारण पक्कं ठेवा, आणि ते पुरेल असं धरून चालू नका.