फुटक्या धापोड्यांचा डबा

ज्या सकाळी मी भातकुली सोडली त्या सकाळी आमच्या गच्चीवर धापोडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे होते, आणि मी घरातून गेल्याशिवाय गल्लीतल्या बायका येणार नव्हत्या. तसं त्यांनी आईला स्पष्ट कळवलं होतं. धापोडे हे एकट्या बाईचं काम नाही. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजवायचा, गरम असतानाच तो ओल्या लुगड्यावर हाताने पातळ थापायचा, आणि ऊन चढायच्या आत गच्ची भरायची. आज तुझ्या घरी, उद्या माझ्या घरी, अशा सगळ्या एकमेकींकडे जातात. पण अकोल्याच्या जुन्या शहरातलं सासर आणि मारणारा नवरा सोडून आलेली मुलगी ज्या घरात बसली आहे, तिथल्या घाट्याला हात लावायला कोणी तयार नव्हतं.

मी बॅग घेऊन चुलीजवळ उभी राहिले. आईने वळून पाहिलंसुद्धा नाही.

"तू गेली का त्या येतीन. घाटा दाटून राहिला, निंग लवकर," ती म्हणाली. "अन् मांगच्या दारानं जाय."

बाबा ओसरीवर पेपर उघडून बसले होते. मी मागच्या दाराने निघाले. कोपऱ्यावरून पाहिलं तर बायका पदर खोचून आमच्या घराकडे चालल्याच होत्या. इतक्या लगबगीने त्या कधी कोणाच्या मयतीलाही गेल्या नसतील.

पुण्यात मला एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची नोकरी मिळाली. माझ्या स्वभावाला शोभणारीच. होस्टेलवरच्या मुली म्हणायच्या, तू साधं बोललीस तरी भांडल्यासारखं वाटतं. मी 'मले'चं 'मला' केलं, 'काहून'चं 'का' केलं, आणि तरी भांडल्यासारखंच वाटत राहिलं. मग खरंच भांडायला लागले.

आई फोनवर बोलत नसे. भाऊ बोलायचा, तोही हवापाण्याचं. पण पहिल्याच उन्हाळ्याच्या शेवटी अमरावतीहून येणाऱ्या ट्रॅव्हल्समधून एक पत्र्याचा डबा आला. वर आईच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधलेला. आत धापोडे, सगळे फुटलेले, एकही अख्खा नाही. मी त्या ड्रायव्हरला भर रस्त्यात झापलं. तो गरीब शपथा घेऊन सांगत होता, "मॅडम, माह्या सीटजवळ ठेवला होता, धक्काबी नाही लागला." मी त्याला खोटारडा म्हटलं. आणि रूमवर येऊन तो पातळाचा तुकडा नाकाशी धरून पोटभर रडले. आईने मला माफ केलं, असं मी त्या डब्यावरून ठरवून टाकलं.

आमच्याकडे साबूत, म्हणजे अख्खे, धापोडे लेकींच्या सासरी जातात. तो लेकीचा वाटा. चुरा राहतो तो शेतावर येणाऱ्या मजुरांच्या शिदोरीत पडतो. म्हणून तर मला फुटल्याचं वाईट वाटायचं. मी भावाकडून निरोप धाडला, मधे कापड घाला, डबा गच्च भरा. आई "घालते" म्हणायची. दरवर्षी डबा यायचा, दरवर्षी फुटलेला, आणि दरवर्षी मी कोणत्या तरी ड्रायव्हरचा उद्धार करायची.

तुम्ही गाव सोडून आला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, आपण कशाचंही काहीतरी करून घेतो. पुढे मी फ्लॅट घेतला. थंडीत मंडईत हिरवी, जाडजूड भरताची वांगी आली की मी ती गॅसवर भाजायची. शेतात तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्याची चव कुठली यायला, पण हिरवी मिरची ठेचून, पातीचा कांदा आणि कच्चं तेल घालून भरीत जमायचं. सोसायटीतल्या मैत्रिणी ते फुटके तुकडे भरतात बुडवून खायच्या. "काय मस्त डिप आहे, आणि हे मिलेट क्रॅकर्स अगदी बाइट साइज!" म्हणायच्या. मीही मान हलवायची. आईला जसं काही हे ठाऊकच होतं, म्हणून तिने बेताचे तुकडे पाठवले, असंही मला एकदा वाटून गेलं. माणूस किती मूर्ख असू शकतो.

बाबा गेले. आईच्या हाताला कंप सुटला आणि डबा बंद झाला. मग गेल्या उन्हाळ्यात मीच सुट्टी काढून सोसायटीच्या गच्चीवर धापोडे घातले, एकटीने. निम्मे कपड्यालाच चिकटले. उरले ते मात्र अख्खे, ताटाएवढे.

या थंडीत भावाने घर पाडून नवं बांधायला काढलं आणि महिनाभरासाठी आईला माझ्याकडे आणून सोडलं. ती पहिल्यांदाच माझ्या घरात आली. तोंडात दात नाहीत, कवळी टोचते म्हणून पिशवीतच. त्या दिवशी मी भरीत केलं आणि मिरवायला म्हणून माझे धापोडे भाजून टेबलावर ठेवले.

"बघ कसे साबूत आहेत," मी म्हटलं. "तुझे बिचारे बसमध्ये फुटायचे."

"बसमंदी नाही फुटले ते," आई म्हणाली. "म्याच फोडले."

मला वाटलं, तिचं वय बोलतंय. पण ती भाजीत मीठ कमी आहे सांगावं इतक्या सहज सांगत होती.

"साबूत वाटा लेकीचा असते. तुले साबूत देल्ला असता तं तू म्हनली असती, मायं घर हाय अजून. आली असती वापस. मंग बायका नसत्या आल्या."

"मग पाठवायचाच कशाला?"

"मजुराले नाही देत का आपन?"

भातकुलीतल्या बायांनो, हे तुमच्यापर्यंत पोचलं तर ऐका. तुम्ही जिंकलात. तुमच्यासाठी माझी आई दर उन्हाळ्यात चांगले धापोडे मांडीवर घेऊन एकेक मोडत बसायची. मला त्या क्षणी तिचा इतका राग आला की मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, आणि ते हात अगदी तिच्यासारखे दिसत होते.

आईने ताट पुढे ओढलं. "एक मोडून दे न वं. दात कुठीसा हायेत मले."

घर म्हणजे काय, हे मी इतकी वर्षं उगाच त्या डब्यात शोधत होते. हे टेबल माझं होतं. कोणाला काय वाढायचं ते इथे मी ठरवणार होते. सगळ्यात मोठा धापोडा उचलून मी तिच्या ताटात ठेवला.

"साबूत खा, आई," मी म्हटलं. "लेकीच्या घरी आलीस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग धापोड्याची कड भरतात टेकवली आणि ती भिजून मऊ होण्याची वाट पाहत बसली. मी समोर बसून माझा मोडला आणि खाल्ला.