गुरुवारचं पाणी

"हात नको लावू गा! पाणी निजून राहिलं."

काकाजींच्या अंगणात पाय ठेवला की हे वाक्य आधी बाहेर यायचं, काकाजी मागून. मे महिन्यात जीभ टाळूला चिकटलेली असताना ड्रमभर पाणी समोर झोपलेलं असावं आणि एका माणसाने त्यावर पहारा द्यावा, हे तुम्ही नागपूर सोडून कुठे पाहिलंत? ते पाणी माशांचं होतं.

काकाजी आमच्या कचेरीत रेकॉर्ड कीपर आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पुढच्या खोलीत काचेची मोठी टाकी आणि तिच्यात अख्खी कचेरी पोहत असे: एक तहसीलदार, दोन नायब, चार पटवारी आणि एक नाझर. नाझर म्हणजे असा जाडा गोल्डफिश की तो नुसता वळला तरी टाकीतलं पाणी जमिनीवर सांडे. मी शपथेवर सांगत असे, साऱ्या मोहल्ल्यात.

दर रविवारी टाकीतलं थोडं पाणी रबरी नळीने ओढून मोगऱ्याला जाई आणि तेवढंच ड्रममधलं आत येई. नळाचं पाणी थेट घालायचं नाही. उन्हाळ्यात त्यात ब्लिचिंग पावडर, मासे गुदमरतात. म्हणून ते गुरुवारी ड्रममध्ये भरायचं, वर पोतं टाकायचं, आणि पत्र्यावर खडूने वार लिहायचा. रविवारपर्यंत पावडर उडून जाई, मग काकाजी नाक लावून निकाल देत, "निजलं."

मला त्या खडूचं हसू येई. जुन्यातला जुना कागद मागा, काकाजी डोळे मिटून सांगत: तिसरी मांडणी, खालून दुसरा गठ्ठा, उंदरानं कोपरा खाल्लेला. उंदराचं नावही सांगतात, असं मी लोकांना सांगे. "तुमच्यासारख्याला खडू काहून लागतो, काकाजी?"

ते हसले नाहीत. "मोठ्या भावाले शेवटी सोताचं घर सापडत नव्हतं, बाप्पा. दारात उभा राहून मलेच विचारे, हे कोणाचं घर? मासे मेले तर दुसरे आणता येते. डोकं गेलं तर कुठून आणशील?"

त्या वर्षीच्या उन्हात कावळे झाडावरून भाजून तयारच खाली पडत. शनिवारी भिवापूरहून माझ्या सासरची मंडळी आली, सोबत मिरच्यांचं पोतं. भर दुपारी कूलर कोरडा पडला. "आता कूलरले पाणी कुठून आणता जी?" बायको म्हणाली. नळ येई सकाळी, तासभर. काकाजी कचेरीत होते, मी पाहुण्यांसाठी रजेवर. मी त्यांच्या ड्रमवरचं पोतं उचललं आणि दहा बादल्या काढल्या. झोपलेलं पाणी, हूं की चूं केलं नाही.

रविवारी सकाळी ते भाजी आणायला गेले तेवढ्यात मी नळाच्या पाण्याने ड्रम पुन्हा काठोकाठ केला. खालचं निजलेलंच आहे, वरचं त्याच्या सोबतीने निजेल, अशी मी माझी समजूत घातली. खडूचा 'गुरुवार' जागच्या जागी होता.

दहा वाजता काकाजींनी नाक लावलं आणि थबकले. "वास येऊन राहिला का गा?"

मी भिंतीपलीकडून मान वर काढली. मागे साळा कपबशी घेऊन उभा होता. त्याच्यासमोर चोर ठरायचं? "भिवापूरची मिरची आहे ती, काकाजी! आता आठ दिवस या मोहल्ल्यात दुसरा वास येणार नाही. गुरुवारचं पाणी आहे. तुम्हीच तर लिहिलंय."

"लिहिलं तं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी बादली बुडवली.

दुपारी तहसीलदार पाण्यावर तोंड काढून आ वासू लागला. चार वाजता नाझर आडवा झाला. संध्याकाळी कचेरीत कोणी उरलं नाही. यात मी एक शब्द वाढवलेला नाही.

काकाजी टाकीसमोर पाटावर बसले होते. "गुरुवारी मी भरलंच नसन गा. नुसतं लिहून ठेवलं. मंग आज सकाळी भरलं असन, तेही ध्यानात नाही." मग म्हणाले, "भावाचंही असंच सुरू झालं होतं."

आयुष्यभर माझं तोंड कधी अडलं नाही. तेव्हाही अडलं नाही. मी म्हणालो, "होतं असं, काकाजी."

मग खडू घरभर पसरला. दारावर 'कुलूप लावलं'. स्टोव्हजवळ 'बंद केला'. भिंतीवर 'जेवलो'. कचेरीत काढलेला गठ्ठा ते तीनदा उघडून पाहू लागले, चौथ्यांदा मला दाखवू लागले. "हाच आहे ना गा?" हाच असायचा. एकदाही चुकले नाहीत. तरी निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांनी अर्ज दिला आणि कामठीला पुतण्याकडे राहायला गेले. रिकामी टाकी त्यांनी माझ्या दारात ठेवली, ड्रमही.

मी कामठीला गेलो, पण तीन उन्हाळे उलटल्यावर. ते खाटेवर बसले होते, जवळची भिंत खडूने पांढरी झालेली. मी एका दमात सगळं सांगितलं: कूलर, दहा बादल्या, साळा, मिरची. "तुम्ही काहीच विसरला नव्हता, काकाजी. मी केलं ते."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "म्हाताऱ्याचं मन राखाले एवढ्या दूर आला. अन् गोष्ट बनवली बी मस्त, बाप्पा! मिरची बी घातली त्यात."

"खरं आहे, काकाजी. शप्पथ."

"नाझर वळला का पाणी सांडते, त्याचीही तू शप्पथच घेत होता गा."

त्यांनी उशीखालून खडू काढला. "आज वार कोणता?"

"मंगळवार."

ते माझ्याकडे पाहून मायेने हसले आणि आत हाक मारली, "सूनबाई, आज वार कोणता वं?"

"मंगळवार जी," आतून आवाज आला.

तेव्हा त्यांनी भिंतीवर सावकाश लिहिलं: 'मंगळवार. शेजारी आला. कूलरची गोष्ट सांगितली. खोटी.'